गुंडावरचं नाव

१० फेब्रुवारी, सोमवार
आजपासून नाव कोरायची मशीन माझी! भैय्यालालकाकांना आता बारीक दिसत नाही, म्हणून दुकानातल्या पितळी भांड्यांवर नाव टाकायचं काम माझ्याकडे. दिवसभरात सदतीस भांडी! काकांचा नियम एकच — आधी ॐ, मग नाव. मोहाडीच्या एसटीतही बोट मांडीवर ॐच काढत होतं.

११ फेब्रुवारी
लाखांदूरहून चंदाताई आल्या. रविवारी मुलीचं लग्न, बौद्ध पद्धतीने. पाच भांडी आणि पाण्याचा मोठा गुंड घेतला. म्हणाल्या, "ॐ नोको जी. नमो बुद्धाय टाका, खाली प्रतिक्षा." काका म्हणाले, "भांडे न्या. ते लिहनं आपल्या दुकानात होत नाही."

प्रतिक्षा बाजूलाच उभी. तिचा चेहरा असा उतरला! माझं डोकंच सणकलं. परीक्षेसाठी संविधानाचं कलम पंधरा घोकून घोकून पाठ केलंय मी. म्हटलं, "काका, दुकानात धर्मावरून अडवता येत नाही!"
"मी कोनाले अडवलं? भांडे विकून राहिलो ना?"
भांडी न घेताच मायलेकी गेल्या.

१२ फेब्रुवारी
कलम पुन्हा वाचलं. दुकानात यायला अडवू नये, एवढं स्पष्ट आहे. दुकानदाराने काय लिहावं — तिथे पुस्तक गप्प! म्हणजे काकाही अगदीच चूक नाहीत. राग आला मला.

तरी बोललेच. "काका, गल्ल्यावरचा गणपती तुमचा. पण गुंड तं चंदाताईच्या घरी राहीन ना?"

काका एकच तांब्या कितीतरी वेळ पुसत बसले. मग म्हणाले, "माह्याच्यानं नाही होत पोरी. तुले लिहाचं असन तं लिह."

जिंकले! लगेच फोन केला. चंदाताई शुक्रवारी न्यायला येणार!

१३ फेब्रुवारी
सहाही झाली! लग्नसराईची ही गर्दी, मध्ये दुसऱ्यांचीही भांडी, तरी अक्षर कसं मोत्यासारखं! गुंड सगळ्यात शेवटी केला, घाईघाईत. कागदात बांधून ठेवलं सगळं. हात दुखतोय, पण काय वाटतंय म्हणून सांगू!

१४ फेब्रुवारी
प्रतिक्षाने हौसेने गुंडाचा कागद सोडला आणि थांबली. नमो बुद्धायच्या वर, ठसठशीत — ॐ.
चंदाताईंनी गल्ल्याकडे पाहिलं. "काकाजीनं टाकलं का?"

"नाही ताई," म्हटलं. "मीच."