माठातली चकती

धुळे,
एप्रिलअखेर

प्रिय नाजमीन,

आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, तू आली नाहीस. तुझ्या काकूने, ताईबाईने, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरसाचं ताट संध्याकाळपर्यंत झाकून ठेवलं होतं. तुझ्या अब्बांनी सांगितलं, चोपड्याच्या दवाखान्यात तुझी ड्युटी लागली. इसाकभाऊ खोटं बोलायला लागला की कान खाजवतो, त्या दिवशी त्याने कान लाल करून घेतला. तू रागावलीस म्हणून आली नाहीस हे मला कळत होतं, आणि मी रागावलो म्हणून फोन केला नाही हे तुलाही कळत असणार. फोन आत्ताही केला असता, पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. कागद बिचारा मधे बोलत नाही. तेव्हा हे पत्र नीट, क्रमाने वाच. तुम्हा डॉक्टर लोकांना शेवटची ओळ आधी वाचायची खोड असते, ती इथे चालवू नकोस.

ईदच्या दिवशी काय झालं ते आपल्या दोघांनाही पाठ आहे, तरी माझ्या बाजूने एकदा सांगतो. तू शीरखुर्म्याचा डबा घेऊन दुकानात आलीस तेव्हा मी आसामच्या नव्या मालाचा नमुना चाखत होतो, चमच्याने सुर्रकन ओढून, आयुष्यभर चाखत आलो तसा. तू डबा खाली ठेवायच्या आत विचारलंस, काका, तुम्ही चहा तोंडात डावीकडेच का फिरवता? मी म्हणालो, उजवीकडे जरा झोंबतं, हल्ली माल खराब येतो. झालं. तू मोबाइलची बॅटरी लावलीस आणि भर दुकानात, गिऱ्हाइकांदेखत म्हणालीस, तोंड उघडा. आणि मग जे बोललीस ते तसंच्या तसं लिहितो. जिभेच्या कडेला जखम आहे, ती तंबाखू आत्ताच्या आत्ता फेका, उद्याच्या उद्या तुकडा काढून तपासायला द्या, नाहीतर चहा सोडा, पाणीसुद्धा गिळता येणार नाही. नाजमीन, मी चहापत्तीचा व्यापारी आहे. माझी जीभ हाच माझा तराजू. गिऱ्हाइकांसमोर सोनाराचा काटा खोटा आहे म्हटल्यावर सोनार काय करील? मी तुला दुकानातून जा म्हणालो. तू गेलीस, पण डबा ठेवून गेलीस. ताईबाईसमोर मी त्याला हात लावला नाही. नंतर एक वाटी खाल्ला, ते तिला माहीत नाही.

त्या दिवसापासून तुझ्या त्या चकतीची फार आठवण येतेय. करोना सुरू व्हायच्या तोंडावर तू चीनमधून, युनानच्या मेडिकल कॉलेजातून सुट्टीला आलीस आणि इथेच अडकलीस, तेव्हाची गोष्ट. सगळ्यांसाठी काही ना काही आणलं होतंस, आणि माझ्यासाठी पातळ कागदात गुंडाळलेली काळपट हिरवी चकती. ताईबाईने वास घेतला आणि विचारलं, हाई काय शे, गोवरी शे का? तू हसून हसून बेजार झालीस. मग सांगितलंस, की हा चहा आहे, कच्चा पुअर. तिकडच्या डोंगरात घरापेक्षा उंच जुनी झाडं असतात, बाया वर चढून पानं खुडतात, ती कढईत परततात, उन्हात वाळवतात, वाफ देऊन दगडाखाली दाबतात. आणि तो आज प्यायचा नसतो, ठेवायचा असतो, वर्षानुवर्षं. मी मनात म्हटलं, पोरीला फसवलं. इथे वर्षाची जुनी पत्ती मी टपरीवाल्यालाही देत नाही आणि ही सांगते, जुना झाला की चांगला होतो.

आणि मग मी जे केलं ते धुळ्याच्या चहावाल्यालाच सुचावं. एक मोठा तुकडा तोडला, दूध, साखर, आलं घालून खळाखळा उकळला आणि कप भरून इसाकभाऊच्या हातात दिला. त्याने एक घोट घेतला आणि माझ्याकडे बघत बसला, गिळावं की थुंकावं ते त्याला ठरवता येईना. शेवटी म्हणाला, मोतीभाऊ, ये चाय है या नीम का काढा? ताईबाई वेगळीच हळहळली, बठ्ठं दूध वाया गयं. तू डोक्याला हात लावून बसलीस. मग स्वतः पाणी उकळलंस, चिमूटभर पानं घातलीस, लगेच गाळलंस आणि न साखरेचा, न दुधाचा पिवळसर चहा माझ्यापुढे ठेवलास.

तो पहिला घोट मी विसरणार नाही. कडू म्हणजे कडूच. आमच्या धंद्यात कडू आणि तुरट यांत फरक करावा लागतो. तुरट म्हणजे जीभ आखडते, कडू म्हणजे जीभ मागे सरते. त्या चहाने दोन्ही एकदम केलं. मी कप खाली ठेवला, तुला बरंवाईट बोलायला तोंड उघडलं आणि घशातून गोडवा वर आला. आवळा खाऊन वर पाणी प्यावं तसा, पण किती तरी वेळ टिकणारा. मी इतकी वर्षं चहा विकला, असा चहा पाहिला नव्हता. आमचा चहा पहिल्याच घोटाला सगळं देऊन मोकळा होतो. हा आधी भांडतो आणि मग घरात येतो. तुला तेव्हा बोललो नाही, कारण तू आधीच फार माजली होतीस.

चकती ठेवायची कशी, यावरून आपलं पहिलं भांडण झालं, आठवतं? चहाला वारा लागला की चहा मेला, हे मी माझ्या वडिलांकडून शिकलो. तुझ्या अब्बांचं घर त्याच शिकवणीवर चाललं, माझ्या दुकानातला एकेक डबा त्याच्या हातचा. मी त्याच्याकडून खास पत्र्याचा डबा करवून घेतला, झाकणाला कथलाचा डाख देऊन मुंगीलासुद्धा वाट ठेवली नाही. तू म्हणालीस, काका, हा चहा जिवंत आहे, त्याला श्वास लागतो, थोडी ओल लागते. मी म्हणालो, तू माणसांची डॉक्टर हो, चहाचं मी बघतो. ताईबाईनेच मधे पडून चकतीचे दोन तुकडे केले. तेव्हा आखाजी आली होती, नवा माठ भरून पुजला होता. जुना माठ पाझरायचा बंद झाला की ती फेकत नाही, त्यात कांदे-लसूण ठेवते. त्या वर्षी तिने जुना माठ धुऊन कडक उन्हात वाळवला, तुझा अर्धा तुकडा त्यात ठेवला, तोंडाला फडकं बांधलं आणि नव्या माठाशेजारी तिवईवर ठेवून दिला. शेजारच्या माठाचा गारवा आणि समोर कुलरची ओलसर हवा. माझा अर्धा तुकडा डब्यात बंद, वर्षातून एकदाच डाख काढायचा आणि पुन्हा द्यायचा. आणि ठरलं, की दर आखाजीला दोन्ही चाखायचे आणि निवाडा करायचा. निवाडा कोण करणार, तर माझी जीभ. हे तूच कबूल केलं होतंस.

माठ आणि डबा आपापल्या जागी बसले आणि तू दुकानाच्या माळ्यावर बसलीस, कारण तिथे नेट चांगलं यायचं. चहाच्या पोत्यांना टेकून मोबाइलवर चीनमधल्या मास्तरांचे तास ऐकायचीस. त्यांची घड्याळं आपल्या पुढे, म्हणून मी शटर उघडायच्या आधी तू येऊन थांबलेली असायचीस. खाली गिऱ्हाईक विचारायचं, वर कोण? मी म्हणायचो, आमची डॉक्टरीण. काही जण हसायचे, चायना माल, किती टिकणार? बाहेर शिकलेल्या डॉक्टरांना द्यावी लागते ती इथली परीक्षा तू पहिल्यांदा नापास झालीस तेव्हा तेच लोक मुद्दाम पत्ती घ्यायला आले, गरज नसताना. तू जिन्यातून खाली उतरून एकेकाला असं काही बोललीस, की माझी दोन गिऱ्हाइकं कायमची तुटली. तुझ्या अम्मी, कनीजभाभी, रडायला लागल्या, पोरगी फार कडू झाली म्हणाल्या, आता हिला कोण करणार. मी त्यांना काय म्हणालो ते तुला माहीत नाही. म्हणालो, भाभी, हिला उगाच साखर घालू नका, वाया जाईल. मला तुझा फार अभिमान वाटायचा, नाजमीन. आजही वाटतो. तू पुन्हा बसलीस, पुन्हा पडलीस, पुन्हा बसलीस, आणि पास झालीस त्या दिवशी पेढे न वाटता सरळ माळ्यावर जाऊन झोपलीस.

तिकडे चहासुद्धा तुझ्यासारखाच हळूहळू वळत होता. पहिल्या आखाजीला डबा आणि माठ यांत फरक कळला नाही, मी खुशीत होतो. दुसरीला माठातला जरा नरम वाटला, पण मी कबूल केलं नाही. त्यानंतर मात्र कबूल करावंच लागलं. डब्यातला होता तसाच, तोच रंग, तोच ताव. आणि माठातला दरवर्षी काही तरी नवीन घेऊन यायचा. रंग मधासारखा झाला. वासात सुकलेल्या बोराचं काही तरी आलं. कडूपणा गेला असं नाही, गेला असता तर मला आवडलं नसतं. तो आता दारातच भांडत बसत नाही, येतो, टेकतो आणि गोडव्याला जागा करून देतो. या खानदेशच्या भट्टीत, जिथे मेमध्ये माणसाचं रक्त आटतं, तिथे एक पान मातीच्या भांड्यात बसून स्वतःला घडवत होतं. मी रोज त्याच्या शेजारच्या माठातून पाणी पीत होतो आणि फडकं सोडून त्याचा वास घेत होतो. ताईबाई म्हणायची, एवढं माझ्याकडे कधी बघितलं नाही.

यंदाच्या आखाजीला तू नव्हतीस, तरी नेम चुकवला नाही. इसाकभाऊ आणि मी बसलो. दोन कप केले. आधी डब्यातला घेतला, जसा असतो तसा, जीभ मागे सरली आणि उजवी कड पेटली. मग माठातला. डाव्या बाजूने फिरवला आणि खरं सांगतो, डोळे मिटले गेले. इतका सुंदर तो कधीच झाला नव्हता. इसाकभाऊ, ज्याने पहिल्या दिवशी त्याला काढा म्हटलं, त्याने रिकामा कप पुन्हा पुढे केला. मग मी मुद्दाम दुसरा घोट उजवीकडे नेला. तू पाहिलीस त्या कडेला. आग झाली. डब्यातला कडक चहा लागल्यावर जशी झाली होती, अगदी तशीच. एकच चहा, एकच जीभ, डावी बाजू म्हणते असा मऊ चहा जन्मात नाही प्यायलो आणि उजवी म्हणते निखारा आहे. मी आयुष्यभर जिभेचं ऐकत आलो. माल खराब नव्हता, हे तिनेच मला सांगितलं. इसाकभाऊने विचारलं, काय झालं? मी म्हणालो, गरम आहे. माझाही कान खाजायला लागला.

आता ती शेवटची ओळ. दुसऱ्या दिवशी पारोळ्याला गिऱ्हाइकाकडे जातो सांगून मी धुळ्यातच दवाखान्यात गेलो. तिथला तरुण डॉक्टर म्हणाला, तोंड उघडा, आणि मी उघडलं. तुकडा काढला, काल रिपोर्ट आला. तू म्हणालीस तेच आहे, कॅन्सर. लहान आहे, कडेलाच आहे, पुढे गेलेला दिसत नाही म्हणतात. जिभेची उजवी कड काढावी लागेल, पुढच्या आठवड्यात ऑपरेशन. डॉक्टर म्हणाला, लोक बोलता येईनासं झाल्यावर येतात, तुम्ही इतक्या लवकर कसे आलात, कुणी पाठवलं? मी सांगितलं, माझ्या पुतणीने. डॉक्टर आहे, चीनमध्ये शिकली. हे सगळं पहिल्यांदा तुलाच सांगतोय, ताईबाईला नाही, इसाकभाऊलाही नाही. मी सांगायला गेलो तर गोड करून सांगीन आणि दोघं जास्त घाबरतील, म्हणून तू ये आणि तुझ्या पद्धतीने एकदाच सांगून टाक. तंबाखू मी फेकली आहे. इसाकभाऊने केलेल्या डब्याचा डाख काल मीच काढला आणि आतला तुकडाही माठात ठेवला. पुढच्या आखाजीला माझ्या जिभेला चव कळेल की नाही, हे डॉक्टर नक्की सांगत नाहीत. नाही कळली तर पहिला घोट तू घे आणि कसा झालाय ते मला सांग, पण माझं मन राखायला म्हणून बरं बोलू नकोस.

तुझाच,
मोतीलालकाका