सोनुनच्या वर्षाच्या जेवणाला आलेले सुरवंट

आदरणीय बातमा-एजे यांस,

तुमच्या धाकट्या बहिणीचा नवरा एरगेश याचा सलाम. गुडघे कसे आहेत? मेंढीची चरबी चोळता ना, की नुसती डबीत भरून ठेवली आहे? नातवंडं, घोडी, नवं शिंगरू सगळी खुशाल असोत. मीही बरा आहे (म्हणजे जेवतो, झोपतो, आणि कोणी विचारलं तर 'बरा आहे' म्हणतो).

गुडघ्यांपायी तुमचं येणं झालं नाही आणि 'सोनुनला जाऊन वर्ष झालं, त्याचं जेवण कसं पार पडलं ते खरं खरं लिही' असा तुमचा निरोप आला. खरं लिहितो. माणसं ऐंशी आली. सुरवंट किती आले ते अल्ला जाणे.

तुम्ही उघड्या माळावरच्या, तुम्हाला आमच्या अक्रोडाच्या रानातला हा पतंग ठाऊक नसणार. दिसायला अगदी गरीब. मादी पांढरी, जाडजूड, आणि तोंड असून नसल्यासारखं. पंख फुटल्यापासून मरेपर्यंत पोटात एक घास नाही. बसेल तिथे, खोडावर म्हणा, भिंतीवर म्हणा, अंडी घालते, स्वतःच्या पोटाचे केस त्यांच्यावर पांघरते आणि चार-आठ दिवसांत तिथेच मरून पडते. (तिला शिव्या घालताना मला नेहमी जरा अवघड व्हायचं. पण वनरक्षकाला पगार त्याचाच मिळतो.) अंड्यांची ती बदामी चकती बर्फातही जगते. वसंतात एकेकीतून पाचपाचशे पिल्लं निघतात, धाग्याला लोंबकळतात आणि वारा नेईल त्या झाडावर उतरतात. हेच ते सुरवंट; झाडाला पान म्हणून ठेवत नाहीत. म्हणून हिवाळ्यातच अंडी खरवडून रॉकेलात बुडवायची. एकतीस वर्षं मी हे घरोघर बजावत फिरलो. आमच्या अंगणात मात्र खरवडायची सोनुन, चमच्यानं, आणि माझा उद्धार करत: "अख्ख्या रानाचा राखणदार! आणि घरची भिंत राखायची बायकोनं!"

यंदा अंडी खरवडली गेली नाहीत. कंबर धरली होती माझी.

जेवण तिच्याच अक्रोडाखाली ठेवलं होतं, सावली दाट म्हणून. जूनमध्ये पाहतो तर झाडावर पान नाही! आमचं झाड, शेजारच्या मोयदुनची चार झाडं, पार ओढ्यापर्यंत सगळं भर हिवाळ्यात असावं तसं बोडकं. सतरंज्या आधीच अंथरलेल्या. पाहुणे भर उन्हात डोळे बारीक करून बसले. तेवढ्यात वरून टपटप सुरू झालं. आकाशात ढगाचा ठिपका नाही. मौलवींनी तळवे पसरले आणि म्हणाले, "पुण्यवान बाई होती. पाहा, रहमत बरसतेय." मी खाली मान घातली. ती सुरवंटांची लीद होती, एजे. एकतीस वर्षं ऐकलेला आवाज, पण ऐंशी माणसांत सांगू कुणाला?

मग दुआ सुरू झाली आणि एक सुरवंट मौलवींच्या कॉलरमधून आत उतरला. त्याच्या केसांची आग काय असते, ते ज्याच्या पाठीवरून गेला त्यालाच माहीत. मौलवींचा आवाज कापू लागला, खांदे उडू लागले, डोळ्यांतून पाणी. दुआ काही मध्येच सोडता येईना. बायकांना वाटलं, मौलवींनाच हुंदका आवरत नाहीये, आणि त्यांनी गळा काढला. मग म्हातारे रडू लागले. आणि एजे, मयतीच्या दिवशी ज्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं (तुम्ही तेव्हा 'दगड आहेस' म्हणालात, मला राग नाही), तो मी मोयदुनच्या खांद्यावर डोकं ठेवून मोठमोठ्यानं रडलो. पुलावात सुरवंट पडत होते, ते कोणी काढलेसुद्धा नाहीत.

लोक पांगल्यावर मोयदुन म्हणाला, "एरगेश, माझ्या बापाला तू चार अंड्यांसाठी दंड केला होतास. तुझ्या दारचा पतंग काय जावई लागत होता?"

"कंबर," मी म्हणालो.

"कंबर! यंदा माझ्या घरात एक अक्रोड यायचा नाही."

तो दुसऱ्या दिवसापासून बोलत नाही. जुलैत झाडांना पुन्हा पालवी आली, पण फळ नाही. वाडीतला कोणीच धड बोलत नाही. त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. मी मोयदुनच्या झाडांची खोडं खरवडून देतो म्हणालो, तर त्यानं फाटक लावून घेतलं. तरी मी रोज सकाळी जाऊन फाटकाशी उभा राहतो.

बाकी ठीक. मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
एरगेश

ता. क. मौलवी बरे आहेत. पाठीला दही लावतात.

ता. क. दुसरा. माझी कंबर ठणठणीत आहे. गेल्या जुलैत, सोनुनला जाऊन महिना झाला नव्हता, तेव्हा एका मादीनं दाराशी असलेल्या तिच्या रबरी जोड्यांवर अंडी घातली. जोडे तिनं काढले तसेच होते, एक सरळ, एक आडवा. खरवडायचं तर उचलावे लागले असते. आणि दारचंच खरवडलं नाही, तर भिंतीचं कुठल्या तोंडानं खरवडायचं?

ता. क. तिसरा. यंदाही त्या जोड्यांवर एक पांढरी येऊन बसली आहे. तुमचा पाय सोनुनएवढाच आहे. गुडघे जरा बरे झाले की या आणि ते घेऊन जा. मी दुपारी बकऱ्यांना ओढ्यावर नेतो, तेव्हा दार उघडंच असतं.