गाडीखालून ऐकलेलं

जानकीपुरम, लखनऊ
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

प्रिय रणजित,

सप्रेम जयभीम. तुला आणि स्वप्नाला आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस. इथे सगळे बरे आहोत. फोन केला असता, पण मी फोन घेतला की तुझे दादा शेजारी येऊन बसतात, आणि बोलण्यात तुझं नाव आलं की टीव्हीचा आवाज वाढवतात. आत्ता ते मानकनगरला गेले आहेत, ऑफिसातल्या जुन्या मित्रांकडे. मेट्रोने गेलेत. संध्याकाळपर्यंत येतील, तोवर लिहून पोस्टाच्या पेटीत टाकते. मराठी लिहायची सवय सुटलीय, शुद्धलेखन बघू नकोस.

स्वप्नाचे गुडघे कसे आहेत? तिला म्हणावं, जिने कमी कर. इकडे थंडी पडायला लागली. सकाळी पोर्चमध्ये छान ऊन येतं, तिथेच बसून मटार सोलते. आर्या बंगलोरला मजेत आहे. रोज फोन करते. मी मराठीत विचारते, ती हिंदीत उत्तर देते. शेवटी एकच विचारते, "मम्मी, आप लोग ठीक हो ना?" मी म्हणते, ठीक आहोत.

गाडी अजून आहे. विकली नाही. हे तुला आधीच सांगून टाकते, कारण पत्रात पुढे गाडीच आहे.

एप्रिलमध्ये जयंतीला तू आला होतास तेव्हा जे झालं, त्यावर मी तुझ्याशी कधी बोलले नाही. पाहुणे जेवत होते, यांच्या हातातल्या वाटीतलं वरण सांडलं आणि तू म्हणालास, "दादा, हात बघ तुझा. आता गाडीखाली जाणं बंद कर, विकून टाक ती." तू काळजीने बोललास, मला कळलं. पण ज्या माणसाने तुला कॉलेजात असताना मानकनगरच्या क्वार्टरमागे गाडी उचलायला शिकवलं, टेकूचे लोखंडी स्टँड लावल्याशिवाय बोटसुद्धा खाली घालू दिलं नाही, त्याला तू चार लोकांत हे सांगितलंस. ते ताटावरून उठले. तेव्हापासून तुझा फोन त्यांनी घेतला नाही.

आता सप्टेंबरचं सांगते. वाचताना एवढं लक्षात ठेव, की कोणाला काही लागलं नाही.

इंजिनचं तेल बदलायचं होतं. मेकॅनिककडे गाडी द्यायची नाही हा यांचा हट्ट तुला ठाऊकच आहे. पोर्चमध्ये माझ्या कुंड्या होत्या, म्हणून यांनी गाडी फाटकाजवळच्या फरशीवर घेतली. ती फरशी पाणी जायला थोडी उतरती आहे. मागच्या चाकांना लावायचे लाकडी ठोकळे आत राहिले होते आणि वाकून ते आणायचा यांना कंटाळा आला. म्हणाले, हँडब्रेक ओढलाय, पुरे. पुढून जॅक लावून गाडी उचलली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. हे जमिनीवर बसले, स्टँड आत सरकवायला हात घातला. तेवढ्यात दुसऱ्या हातातला पाना पडून घरंगळला, तो घ्यायला हे मागे वळले, आणि गाडी हळूच मागे सरकली. जॅक आडवा झाला. पुढची बाजू धाडकन खाली आली, स्टँड तिच्याखाली चेपून वाकडा झाला.

मी धावत गेले. हे पाना हातात धरून तसेच बसले होते. गाडीकडे बघत म्हणाले, "ब्रेक ओढला होता मी."

ब्रेक ओढलेला होता, पण अर्धाच. हँडब्रेक डाव्या हाताने ओढायचा असतो, रणजित.

त्यानंतर ते गाडीकडे फिरकले नाहीत. गाडी धुळीने भरली. सकाळी पेपर वाचायचे आणि मग दिवसभर खोलीत बसून राहायचे. मी काही विचारलं की "हो" किंवा "नाही". भांडण झालं असतं तर बरं वाटलं असतं मला. मध्ये आम्ही एकदा दवाखान्यात जाऊन आलो. ते पुढे लिहिते.

दिवाळीनंतर एका सकाळी मी कुंड्या भिंतीकडे सरकवल्या आणि यांना म्हटलं, "चला, मला शिकवा. तेल मी बदलते."

"तू?"

"मग कोण? तुम्ही सांगा, मी करते."

मला वाटलं चिडतील. ते चिडले नाहीत. मग उठून माझ्यासाठी आपली जुनी पँट आणि शर्ट काढून दिला. म्हणाले, "साडीवर नाही जायचं खाली."

तुला शिकवलं तसंच मला शिकवलं असेल. आधी गाडी पोर्चमधल्या सपाट फरशीवर घ्यायला लावली. पहिला गिअर टाकायला सांगितला. हँडब्रेक मी ओढला, वर त्यांनी स्वतः वाकून बघितला. मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून ठोकळे लावले, लावल्यावर पायाने दाबून बघितले. जॅक पुढे मधोमध, जाड लोखंडाखाली. "पत्र्याला लावलास तर पत्रा फाटेल आणि गाडी तुझ्या अंगावर येईल," असं ते अगदी शांतपणे सांगत होते, जणू काही मी चहात साखर किती घालायची ते विचारलंय. मग दोन्ही बाजूंना नवे स्टँड. जॅक हळूहळू सोडून गाडीचं वजन स्टँडवर घेतलं. त्यानंतर म्हणाले, "आता ढकल. जोरात. पडायची असेल तर तू बाहेर असताना पडू दे." मी खांद्याने ढकलली. हलली नाही. तरीही त्यांनी स्टेपनी काढून गाडीच्या कडेखाली आडवी सरकवायला लावली.

समोरच्या मिश्राभाभी फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. "अरे भाभीजी, आप? भैया कहाँ हैं?"

मी म्हटलं, "यहीं हैं. सिखा रहे हैं."

त्यावर हे किंचित हसले. किती दिवसांनी हसले ते मला सांगता येणार नाही.

जुन्या चादरीवर पाठ टेकून मी आत सरकले. खालून बघताना कुठला नट कुठल्या दिशेने फिरवायचा हेच कळेना. हे बाहेर स्टुलावर बसून सांगत होते. मला त्यांची फक्त पावलं दिसत होती, चपलेतली. शेवटी नट सुटला, तेल खालच्या टबात पडायला लागलं.

"आता बाहेर ये," म्हणाले. "तेल गळायला वेळ लागतो."

मी येणारच होते. पण त्यांचा आवाज मला वेगळा वाटला. मी म्हटलं, "थांबते जरा. बरं वाटतंय इथे."

त्यांनी स्टूल जरा जवळ ओढलं. मग म्हणाले, "सुभद्रा, त्या दिवशी माझा हात चेंगरला असता."

"मी बघत होते."

"त्याचं काही नाही. पण ब्रेक ओढलाय अशी माझी खात्री होती. आजही डोळे मिटले की वाटतं, पूर्ण ओढला होता. आपल्याच हाताने आपल्याला फसवलं तर माणसाने करायचं काय?"

मी तेलाचा टब उगाच जरा सरकवला.

"मला भीती वाटते," ते म्हणाले. इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. समोर बसून ते मला हे कधीच बोलू शकले नसते. मी आत होते, त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता आणि माझा त्यांना, म्हणून बोलले. पुढे म्हणाले, "रणजित बरोबर बोलला. सगळ्यांसमोर बोलायला नको होतं. पण बोलला ते बरोबर."

"मग फोन करा त्याला."

"काय सांगू?"

मी मान वळवून त्यांच्या पावलांकडे बघितलं. उजवं पाऊल फरशीवर स्थिर होतं. डावं चपलेत सारखं हलत होतं, एका लयीत. हाताचं मला माहीत होतं. पायाचं माहीत नव्हतं. तेल गळून संपलं, तरी मी बाहेर आले नाही. डोळे पुसायला आत जागा नव्हती आणि हात तेलकट होते.

आता दवाखान्याचं. डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितलाय. ऑक्टोबरमध्येच कळलं. गोळ्या चालू आहेत, सकाळची गोळी लागू पडली की दुपारपर्यंत हात बराच ताब्यात असतो. डॉक्टर म्हणाले, हळूहळू वाढतो, पण औषध, व्यायाम सांभाळला तर पुष्कळ वर्षं नीट जातात. "कोणाला सांगायचं नाही" असं यांनी दवाखान्याच्या पायऱ्या उतरतानाच बजावलं. मी आजपर्यंत कोणाला सांगितलं नाही, आर्यालासुद्धा नाही. तुला हे पहिल्यांदा लिहिते आहे, तेही पत्राच्या शेवटी. सुरुवातीलाच "सगळे बरे आहोत" लिहून बसले, कारण रोज फोनवर तेच बोलते.

गाडी छान चालतेय. आता चाकं काढून ब्रेक बघायचे आहेत, असं ते काल म्हणत होते. मी करेन. मला ते आवडायलाही लागलंय, तू हस हवं तर. पण रात्री ते झोपले की मी त्यांच्या हाताकडे बघत बसते, आणि झोपेत हात अगदी शांत असतो. मला वाटतं, सकाळ जरा उशिरा व्हावी.

रणजित, तू ये. दादांनी बोलावलंय असं समजू नकोस, त्यांनी बोलावलेलं नाही, आणि हे पत्र लिहिल्याचंही त्यांना ठाऊक नाही. मी बोलावते आहे. आल्यावर हाताचा विषय काढू नकोस. त्यांच्याबरोबर पोर्चमध्ये बस, गाडी उचलायची असेल तर तू उचल, तू खाली जा. ते बाहेर बसतील. जे बोलायचं ते आपणहून बोलतील. आर्याला मी त्यानंतर सांगेन, तू शेजारी असताना. एकटीने मला नाही सांगता येणार.

उत्तर लिहीत बसू नकोस. तिकीट काढ.

तुझी वाट बघणारी, आणि खरं सांगायचं तर घाबरलेली,
तुझी वहिनी
सुभद्रा