वरतून जाणाऱ्या भावाले

हिवरा आश्रम,
सोमवार, विमान गेल्यावर

चि. देवेशले अन्नपूर्णाताईचे पोटभर आशीर्वाद.

तुही तब्येत बरी असंल, कारण तुहं विमान दर सोमवारी वेळेवर जाते. इकडं आम्ही खुशाल आहोत, तुह्या भाऊजींचा गुडघा सोडला तं. (तो छतावर चढून चढून गेला. त्याले कारण तू आहेस.)

तू नागपूरहून मुंबईले जातोस ते आपल्या हिवऱ्यावरून, हे समजलं तवापासून माह्या जिवाले चैन नाही. आपल्याकडं गल्लीतून माणूस चहा न घेता गेला तं वर्षभर बोलणी खाते, अन् तू तं दर आठवड्याले घरावरून जाऊन राह्यला. भाऊजी पडले विज्ञानाचे मास्तर. त्यांनी बोटाएवढं एक यंत्र मागवलं. विमान आपला नंबर अन् ठावठिकाणा रेडिओवर सारखं सांगत जाते म्हणे (तू नाही सांगत, विमान सांगते), ते हे यंत्र ऐकते अन् कॉम्प्युटरच्या नकाशावर इवलंसं विमान सरकताना दिसते. तिकिटाचा फोटो तू फोनवर टाकतोसच, त्यावरून नंबर जुळवायचा. अँटिनाखाली पत्रा पाह्यजे होता, म्हणून माह्या पिठाच्या डब्याचं झाकण छतावर गेलं. पिठात मुंग्या झाल्या, पण बोलायची सोय नाही.

शेजारचे जानराव पहिल्याच दिवशी वर आले. तू सांगतलं म्हणून त्याइनं तुह्या बियाण्याच्या कंपनीचं बीटी पेरलं, अन् गुलाबी बोंडअळीनं सारा कापूस झाडावरच खाल्ला. त्याच्यानंच तू दोन दिवाळ्या तोंड लपवून आहेस, हे काय मले समजत नाही? जानरावांनी दुपट्ट्यातून एक किडकं बोंड काढलं अन् विमानाकडं उंच धरून उभे राह्यले. दिसते काय बे, म्हणे. विमान दिसेनासं झालं तसा हात खाली केला अन् मले विचारलं, पोरगं जेवलं असंल काय.

मंग भाऊबीज आली, तीही सोमवारीच. भाऊ नसला तं बाया चंद्राले ओवाळतात. गल्लीतल्या शरयूकाकू म्हणे, तूही ओवाळ. म्या म्हटलं, भाऊ जित्ता आहे अन् साडेचारले डोक्यावर येते, चंद्राले काऊन ओवाळू? ताट घेऊन छतावर उभी राह्यली. भाऊजी खालून नकाशा पाहून सांगत, मेहकर आलं, मेहकर गेलं, आता ओवाळ. वाऱ्यानं दिवा घडीघडी विझे. तरी ओवाळलं. रडू आलं, लपवत नाही. तुही फार आठवण येते रे.

संध्याकाळी तुहा फोन आला की विमान चुकलं, तू नागपुरातच आहेस. म्हणजे म्या दीडशे परक्या माणसाइले ओवाळलं. सुखी राहोत बिचारे, पण ओवाळणी एकानंही टाकली नाही.

बाकी ठीक. माही काही तक्रार नाही. तुले कामं असतील, येऊ नको.

तुही,
अन्नपूर्णाताई

ता. क. – 'येऊ नको' हे भाऊजी मागं उभे होते म्हणून लिहिलं.

आणखी एक – यंत्र पाहाले मी आता कमी जाते, जानरावच जास्त येतात. मागल्या सोमवारी यंत्र बंद पडलं, विमान दिसलं नाही, तं त्याइनं घरी जाऊन ताट तसंच सरकवलं. काल मले म्हणे, पोरी, माह्यामुळंच तुहा भाऊ गावात येत नसंल काय? देवेश, एसटीनं ये. आलास तं आधी त्याइच्या दारी जा, मंग माह्या. दोन दिवाळ्या थांबली, अजून घंटाभर थांबीन.