शिंपल्यांच्या झग्याची बाहुली

ती. मावशीला साष्टांग नमस्कार.

तुझे गुडघे आता कसे आहेत? ताईकडे जिना उतरताना कठडा धरतेस ना? मी बरा आहे आणि वेळेवर जेवतो (तू विचारण्याआधीच लिहून टाकलं).

मला लहानाचं मोठं करून तू लेकीकडे राहायला गेलीस, तेव्हापासून मला जुन्या बाहुल्या आणि शिंपल्यांच्या वस्तू जमवायचा नाद लागलाय. काच कापायच्या दुकानातून सुटलो की पाय आपोआप जुन्या सामानाच्या दुकानाकडे वळतात (पाटीवर ‘दूर्मिळ’ असं लिहिलंय, मी काही बोललो नाही). खोलीत आता शिंपले चिकटवलेला आरसा आहे, तशीच दागिन्यांची पेटी आहे, आणि मान हलवणारं कासव आहे, म्हणजे आपण हलवली तर.

परवा चिनी मातीच्या तोंडाची एक बाहुली मिळाली. तिला शिंपल्यांचा झगा होता, अगदी आपण करायचो तसा. तू चिकटवायचीस, मी शिंपले लहानमोठे लावून हातात द्यायचो. झग्यावर मळ होता. पितळेचा मळ व्हिनेगरने निघतो, म्हणून मी बाईंना व्हिनेगरच्या पातेल्यात कमरेपर्यंत बसवलं. शिंपले फसफसू लागले. सकाळपर्यंत मळ निघाला, पण पाठोपाठ शिंपलेही विरून तळाशी गेले. बाई वर तशाच हसतायत आणि खाली नुसता ओला पुठ्ठा.

तसं ठेवणं बरं दिसेना. बाळाचं एक झबलं आणलं, धुऊन दोरीवर घातलं. ते घरमालकीणबाईंनी पाहिलं.

“मुलगा की मुलगी?”

“मुलगी,” मी म्हणालो, “पण फार जुनी आहे.”

“आणि बायको कुठे लपवलीत? आम्ही काय खाणार आहोत तिला?”

संध्याकाळी शेजारणी टोपडं घेऊन बाळ बघायला आल्या. मी बाहुली दाखवली. टोपडं पुन्हा पिशवीत गेलं. मग घरमालकीणबाई हळूच म्हणाल्या, “तुमचं आपलं असं कोणी आहे का हो?” मी म्हटलं, मावशी आहे. “मग येत का नाहीत?” मी म्हटलं, तीन जिने आहेत.

असो. नवे शिंपले आणून वरून चिकटवायला घेतले, तर दुसरी ओळ पहिलीखाली सरकेना आणि सगळंच गळून पडलं. सुरुवात वरून करायची की खालून, एवढं कळव.

ताईला नमस्कार.

तुझा,
काचवाला

ता. क. पत्ता तोच आहे, फक्त खोली बदलली. तिसरा मजला सोडून तळमजल्यावर आलोय. शिंपल्यांचं वजन फार झालं होतं.

पुन्हा ता. क. शिंपल्यांना वजन असं काही नसतं. आणि सुरुवात खालून करतात, हे मला पाठ आहे. खालची ओळ लावून झाली आहे. बाकीचे शिंपले लहानमोठे लावून खिडकीपाशी ठेवले आहेत, तुझ्या खुर्चीजवळ.