कमानीबाहेर

डार्मश्टाट, डिसेंबर

ती. काकूंना लतिकाचा नमस्कार,

तुम्हाला फोन करायचा धीर झाला नाही. हे पत्रही पोस्टात पडेल असं वाटत नाही.

तुमचा श्रीरंग गेल्याचं कॉलेजच्या ग्रुपवर कळलं, तेव्हा आम्ही सुट्टीला जपानमध्ये होतो. त्याच सकाळी क्योतोचं एक जुनं शिंतो देवस्थान बघायचं ठरलेलं. माझ्या नवऱ्याला, कपिलला, श्रीरंगबद्दल काहीच माहीत नाही. मी गुपचूप आवरून त्याच्याबरोबर निघाले.

देवळाबाहेर मोठी लाकडी कमान होती. आमची मुक्ता माहिती वाचून जर्मनमध्ये म्हणाली, "ज्यांचं कोणी वारलंय, त्यांनी पन्नास दिवस या कमानीतून आत जायचं नाही. आपलं कोणी गेलंय का?"

"नाही गं, सगळे ठणठणीत आहेत," कपिल हसला.

काकू, माझं पाऊलच उचलेना. गुडघा दुखतोय म्हणाले आणि बाहेरच्या बाकावर बसून राहिले. आत ती दोघं पळीने हात धूत होती, टाळ्या वाजवून देवाला नमस्कार करत होती.

श्रीरंगचं सुतक मला लागत नाही, हे कळतं मला. तुम्ही तर सून करून घ्यायला निघाला होतात. नाही मीच म्हटलं. जर्मनीची ॲडमिशन हातात होती ना!

कपिलने आतून माझ्या गुडघ्यासाठी ताईत आणला. काल पन्नास दिवस संपले. जेवताना त्याने सहज विचारलं, "आल्झो, काय मग, आला का गुण?"

मी म्हटलं, "अजून दुखतोय."

तुमच्या घरी न आलेली,
लतिका