धाकटीचं दार

१९ ऑगस्ट

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, रोज काहीतरी आठवून सांगत जा, नाहीतर डोकं गंजेल." म्हणून ही वही. बोलणारी मी, लिहिणारी माझी नात शांडीन. तिशीची आहे, बँकेत बसते, अक्षर म्हणे मोत्यासारखं. मला काय, कागदावर मोती आणि मेंढीच्या लेंड्या सारख्याच दिसतात. — हेही लिहिलंस? बरं.

आज जेवताना विषय निघाला. ऑक्टोबरात चार दिवस सुट्टी, सगळ्यांनी लाल खडकांच्या मुलखात जायचं. म्हणजे माझ्याच मुलखात. मुलगी लोरिंडा म्हणाली, "आई, तिथं हॉटेल झालंय. पलंगावरून तिन्ही सुळके दिसतात."

मी म्हटलं, "त्या सुळक्यांखाली माझ्या शेळ्या मुतायच्या. तेव्हा कुणी पलंग टाकला नव्हता."

२२ ऑगस्ट

मी येणार नाही म्हणून सांगितलं. गुडघे.

२३ ऑगस्ट

गुडघ्यांवर कुणाचा विश्वास बसला नाही. परवाच बाजारात जावयाला मागे टाकून पुढे गेले होते.

३० ऑगस्ट

शांडीननं टेबलावर नकाशा पसरला. फिनिक्सहून साडेपाच तास. जावई लेलंड फक्त खाण्याच्या जागी टिंब काढतो — इथं मटणाचा रस्सा, इथं भाजलेली कणसं. त्याला जीपमधूनही फिरायचंय. वाटाड्या खडक दाखवतो म्हणे — हा हत्ती, हा उंट.

"आमच्या रानात हत्ती कधी आला?" मी विचारलं.

"मग तुम्ही काय म्हणायचात, सासूबाई?"

"ते हिवाळ्यात सांगेन."

आम्हा नवाहो, इथल्या मूळ लोकांत काही गोष्टी साप बिळात गेल्यावर, पहिलं हिव पडल्यावरच सांगतात. त्याआधी तोंड उघडलं तर वाईट. शांडीन म्हणाली, "आजी, तुझी प्रत्येक गोष्ट बरी हिवाळ्यातलीच असते!"

असते. त्या गोष्टींच्या गाठोड्यात मी एक गोष्ट लपवली आहे. ती तसली नाही. ती कधीही सांगता आली असती.

५ सप्टेंबर

शांडीननं विचारलं, "तुझी धाकटी बहीण तिथंच राहते ना? देझबाआजी? तिच्याकडे जायचं का?"

मी म्हटलं, हॉटेलात पलंग आहे ना, मग पुरे.

११ सप्टेंबर

रोज विचारते. घ्या मग.

वीस वर्षांपूर्वी गेले होते तिच्याकडे. एकटी, पिकअप घेऊन. आमच्यात कुणाकडे गेलं की दार वाजवत नाहीत. गाडी अंगणाबाहेर थांबवायची आणि बसून राहायचं. घरातलं माणूस केर काढतं, केस बांधतं, मग बाहेर येतं. तेव्हा उतरायचं. दार बडवणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालणं.

मी बसले. पडदा हलला. मला दिसला. ऊन गाडीच्या नाकावरून मागच्या फळीवर गेलं. कुणी आलं नाही. मांडीवर पिठाची पिशवी आणली होती तिच्यासाठी, ती तशीच परत आणली. वाटेत म्हटलं, तिला कळलंय तर.

"काय कळलंय?" शांडीन.

हिवाळ्यात सांगेन.

१८ सप्टेंबर

हॉटेलची खोली ठरली. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. शांडीन माझ्यासमोर बसून म्हणाली, "मी मुद्दाम तोच आठवडा घेतला. तिकडे तेव्हा पहाटे हिव पडतं. तुझी सबब संपली."

बँकेत उगाच ठेवलं नाही तिला.

२० सप्टेंबर

लोरिंडा बाहेर गेली आहे. सांगते. हिव पडायची वाट कशाला बघू, ही कोल्ह्याची गोष्ट नाही.

मी आठ वर्षांची, देझबा सहा. तेव्हा गोऱ्यांच्या दूरच्या निवासी शाळेचा ट्रक यायचा आणि पोरं उचलून न्यायचा. आईनं बजावलं होतं — रस्त्यावर धूळ दिसली की दोघींनी मेंढरं घेऊन घळीत जायचं. धाकटीला तू सांभाळ.

त्या सकाळी मी चिडलेली होते. माझं पहिलं विणकाम मागावर होतं, चार बोटं झालं होतं. देझबानं खेळता खेळता ते उसवलं. मी मेंढरं घेऊन घळीच्या तोंडाशी उभी होते. धूळ आधी मला दिसली. मी तिला म्हटलं, "देझबा, झऱ्यावरून पाणी आण."

झरा रस्त्याला लागून होता.

मला वाटलं, ट्रक बघून घाबरेल, रडत पळत येईल. एवढंच हवं होतं. किटली घेऊन गेली, पावलं मोजत, गाणं म्हणत. ट्रक थांबला. मग निघाला.

किटली उचलून घरी आणली. आईला म्हटलं, मी नको नको म्हणत होते, तिनं ऐकलं नाही. आईनं शेवटपर्यंत तेच धरलं. "हट्टी होती माझी पोर," म्हणायची.

चार वर्षांनी आली. केस कापलेले, नाव बदलून आयरीन केलेलं, आपली बोली बोलताना अडखळायची. आई तिच्याशी बोलायची आणि ती माझ्या तोंडाकडे बघायची — काय म्हणते, ते मी सांगावं म्हणून. मी सांगायची. सगळं सांगायची, तेवढं एक सोडून.

शांडीननं सगळं उतरवलं. उठून चहा करून आणला. साखर फार झाली होती.

२८ सप्टेंबर

या पोरीनं मला न विचारता देझबाला पत्र टाकलं होतं! आज उत्तर आलं. शांडीननं दोनदा वाचून दाखवलं, दुसऱ्यांदा मी मागितलं म्हणून.

"ताई एकदा आली होती. मी तीस वर्षं लॉस एंजेलिसमध्ये काढून नुकतीच गावी परतले होते. गाडीतली ताई ओळखली, केस विंचरले, कॉफी टाकली, दाराआड उभी राहिले. म्हटलं, आता वाजवेल, आता वाजवेल. कॉफी आटली. ती गेली. शाळेत आम्हाला छडी मारून शिकवलं होतं, भलं माणूस दार वाजवून येतं. मला वाटलं, ताईला आत यायचंच नाही."

लाकडाची एक फळी होती मध्ये. अलीकडे मी, पलीकडे ती. दोघी रीतीनं वागलो. आणि तिला ती दुसरी रीत शिकायला धाडलं कुणी?

२९ सप्टेंबर

आज काही सांगायचं नाही.

४ ऑक्टोबर

दार वाजवायचं ठरलं आहे. ओट्याखालच्या कपाटावर सराव करते. लेलंड म्हणतो, "सासूबाई, जरा जोरात. आतल्या माणसाला वाटेल उंदीर आहे."

"तू आत बैस, मग बघ उंदीर."

लोरिंडानं बॅग भरली. मी पिठाची पिशवी घेतली. ती म्हणाली, "आई, तिथं पीठ मिळतं." मिळू दे.

९ ऑक्टोबर

हॉटेल. पलंगावरून तिन्ही सुळके दिसतात, खोटं नाही. आपण बसलेलो आणि ते समोर — हे उलटं वाटतं. झऱ्याजवळची पॉप्लरची झाडं पिवळी झालीत. झरा आटलाय. लेलंडला तिथं फोटो काढायचा होता. मी उतरले नाही.

१० ऑक्टोबर

पहाटे बादलीतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा होता. बोटानं मोडला.

११ ऑक्टोबर

आज लिहिणारी वेगळी आहे. काल दुपारी देझबाच्या अंगणाबाहेर गाडी थांबल्याथांबल्या मी उतरले, मूठ वर केली, आणि दार आतून उघडलं. माझी मूठ तशीच हवेत. ती म्हणाली, "या वेळी मी थांबणार नव्हते."

रात्री आम्ही तिच्याकडेच राहिलो. सकाळी शांडीन सरपण आणायला गेली. मी म्हटलं, माझी वही राहिली आहे. ही म्हणाली, "आण इकडे, मला लिहिता येतं." तेव्हा मी वीस सप्टेंबरचं पान तिला पहिल्यापासून सांगायला घेतलं. मागावरचं विणकाम. धूळ. पाणी आण म्हटलं ते. किटली. आई. तिनं एकेक शब्द लिहिला, मान वर केली नाही. मग मी म्हटलं, चार वर्षांनी आली.

चार नाही, सहा. पुढं सांग, ताई.